पळसाच्या पानांचा भाऊ

जळगाव, ता. ११ जुलै १९३५

चि. चुडामण यास,

सुरुवातीला अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण हे पत्र तुझ्या हाती पडेल की तुमच्या नाटक मंडळीच्या मॅनेजरच्या, हे ठाऊक नसल्यानं आशीर्वाद सध्या माझ्याकडेच ठेवतो.

सावद्याचे छगनशेठ केळीच्या रेल्वे वाघिणी भरून खंडव्याला गेले होते. माल उतरेपर्यंत काय करायचं म्हणून तंबूत जाऊन नाटक पाहत बसले. परवा माझ्याकडे आले, दार लोटून घेतलं आणि प्लेगचा उंदीर सापडल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मास्तर, राणी आली, डाव्या हातानं पदर सावरला. राजा रागवला तवा खालचा ओठ दातात धरला. मी बाजूच्याले म्हनलं, अरे, हा त आमच्या आबा पाटलाचा चुडामन!" बाजूचा माणूस इंदूरकडचा निघाला म्हणून निभावलं.

तर तू जिवंत आहेस. ऐकून आधी आनंद झाला, मग तुझ्या मुस्कटात द्यावीशी वाटली. दोन्हींच्या मध्ये पान खाण्याएवढाही वेळ गेला नाही.

तू गेलास त्याला यंदा बारा वर्षं होतात. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं बसवतात, मंत्र म्हणून त्याला जाळतात आणि माणूस रीतसर मरतो. आबांनी भटजींना विचारून ठेवलंय. पितृपक्षात तुझी पाळी आहे. पुतळा पेटला की मंजुळेचं कुंकू पुसतील, बांगड्या फोडतील. लग्नानंतर दोन वर्षं तू तिच्यासोबत राहिलास, नंतरची बारा ती तुझ्या नावाच्या कुंकवासोबत राहिली. आता तेही जाणार.

हे थांबवायला तू येऊन दारात उभं राहणं पुरेसं आहे. बोलूसुद्धा नकोस. बोलणं तुला लेखकानं लिहून दिल्याशिवाय जमत नाही, हे मी जाणून आहे.

माझं म्हणशील तर शाळेत इंग्रजी शिकवतो, डोक्यावरचं छप्पर विरळ झालंय. पुण्याच्या एका प्रकाशकानं मॅट्रिकच्या पोरांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांच्या अर्थाचं पुस्तक मागितलंय. सध्या पुसण्याच्या प्रकरणात अडकलोय. 'वाइप आउट' म्हणजे समूळ नाहीसं करणं. इंग्रज हा शब्द फौजेला, गावाला, साथीत मेलेल्या वस्तीला वापरतो. एका माणसासाठी एवढा खटाटोप तो करत नाही. आम्ही करतो. पानं गोळा करून करतो.

आबांना अजून काही सांगितलेलं नाही. तू जिवंत आहेस एवढं कळलं तरी पुतळा थांबेल, अशी मला आशा आहे. उलट टपाली लिही.

तुझा भाऊ,
अभिमन


जळगाव, ता. ४ ऑगस्ट १९३५

चि. चुडामण यास,

उत्तर नाही. टपालखात्याला दोष देऊन पाहिला, पण त्यांची पाटी साफ आहे. छगनशेठनं पाठवलेलं पोस्टकार्ड त्याच मॅनेजरला मिळालं आणि त्याचं उत्तरही आलं. तुमची मंडळी पावसाळ्याचा मुक्काम धुळ्याला करणार, हे त्यातूनच कळलं.

मी गावी जाऊन आबांना सांगितलं. ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "आबा, चुडामण जित्ता आहे."

आबांनी चिलीम खाली ठेवली नाही. म्हणाले, "कोन म्हनतं?"

"छगनशेठ. डोळ्यांनी पाहिला. नाटकात राणीचं काम करतो."

"लुगडं नेसून?"

"राणी धोतर नेसत नाही, आबा."

आता त्यांनी चिलीम खाली ठेवली. मला वाटलं, बापाचं काळीज आहे, हलतंय. मग म्हणाले, "मंग त लवकरच उरकाले पाह्यजे."

मी म्हणालो, "जिवंत माणसाचं?"

"तू इंग्रजी शिकला, तुले येवहार कळत नही. रावेरचे सोयरे आपल्या वनाले पोरगी देऊन राह्यले. त्याईनं इचारलं, मधला भाऊ कुठी हाये? काय सांगू? गावोगाव लुगडं नेसून नाचतो सांगू? मेला म्हनलं त लोक पानी पेतीन, हळहळतीन, उठून जातीन. मेलेल्याले कोनी काही इचारत नही."

चुडामण, मी बारा वर्षं पोरांना व्याकरण शिकवतोय, पण इतकं बिनचूक वाक्य माझ्या ऐकण्यात नाही. आपला धाकटा वना, तू गेलास तेव्हा मंजुळेच्या कडेवर असायचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. त्याच्या लग्नासाठी आता तिला विधवा व्हायचं आहे. आणि हे सगळ्यांना अगदी रास्त वाटतं. भटजींना मी आडून विचारलं, माणूस जिवंत असला तर? ते म्हणाले, "शास्त्रात बातमी लागत नाही असं लिहिलंय, मास्तर. बातमी लागली की नाही हे घरच्या कर्त्यानं ठरवायचं."

मंजुळा माझ्याशी समोरासमोर बोलत नाही, हे तुला सांगायला नको. मी भासरा, तिचा थोरला दीर. मी पडवीत बसतो, ती भिंतीआड स्वयंपाकघरात असते आणि आमच्या यशोदेला, म्हणजे थोरल्या जावेला, उद्देशून बोलते. यशोदेनं तिला सारं आधीच सांगितलं होतं. बायकांकडे माझ्यापेक्षा चांगलं टपालखातं आहे.

भिंतीपलीकडून म्हणाली, "अक्का, तब्येत बरी हाये का म्हना."

यशोदा म्हणाली, "बरी हाये म्हणतात. भरलेत जरासे."

"मंग झालं. जेवतात म्हनजे."

थोड्या वेळानं म्हणाली, "अक्का, मले एकदा दाखवतीन का? लांबून. मी काही बोलनार नही."

मी पडवीतूनच म्हणालो, "यशोदे, तिला सांग, नेतो."

आता वाक्प्रचार. 'ॲक्ट ॲज इफ' म्हणजे जणू काही तसंच आहे असं समजून वागणं. उदाहरण द्यायचं असतं. मी लिहिलं: आबा पाटील हे मुलगा वारल्यासारखे वागतात. मग खोडलं. मॅट्रिकच्या पोरांना इतकं अवघड उदाहरण चालायचं नाही.

आम्ही धुळ्याला येतोय. पुन्हा एकदा लिहितो, त्या बाईला तुझ्याकडून संसार नको आहे. कुंकू राहू दे, एवढंच तिचं म्हणणं आहे. त्यासाठी तुला गावात येऊन चार माणसांत 'मी चुडामण' एवढं म्हणायचं आहे.

अभिमन


जळगाव, ता. २८ ऑगस्ट १९३५

चि. चुडामण यास,

धुळ्याला नाटक सुटल्यावर रंगपटात आपल्या दोघांत जे झालं ते तुला ठाऊक आहे. तरीही लिहितो. तू पुढं ते विसरशील किंवा त्यात सुधारणा करशील, म्हणून एक प्रत तुझ्याकडे असावी.

मी आत आलो तेव्हा तू आरशासमोर होतास. एका भुवईचा रंग उतरला होता, दुसरीचा बाकी होता. तू म्हणालास, "भाऊ, किती पिकलास रे." मी म्हणालो, "तू मात्र अजून लग्नाची दिसतोस." आपण दोघंही हसलो. ते मला खरं वाटलं, हा माझा दोष.

मी सांगितलं, "मंजुळा बाहेर उभी आहे. सोडावॉटरच्या दुकानापाशी. आत आणू?"

"इथं? या वेषात?"

"मग तू बाहेर ये."

"रंग उतरवतो, कपडे बदलतो, आलोच. तू हो पुढं."

आता बाहेरचं ऐक, ते तुला माहीत नाही. आम्ही तिघं उभे राहिलो. लोक पांगले. सोडावॉटरवाल्यानं बाटल्या आवरल्या. यशोदेनं दोनदा विचारलं, येतोय ना. मंजुळेनं एकदाही नाही. तिनं फक्त पदर नीट केला, कुंकू नीट आहे का हे यशोदेला विचारलं आणि चेहरा दाराकडे केला. मग तुमचा मॅनेजर आला. म्हणाला, "बाईसाहेब दमल्यात. उद्या भेटतील."

यशोदेला आधी कळलंच नाही. म्हणाली, "कोन बाईसाहेब?"

मंजुळेला कळलं. ती लगेच वळून चालू लागली.

उद्या म्हणजे तुमच्या मंडळीतला कुठला दिवस, हे मी विचारलं नाही. सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. चाळीसगावला गाडी बदलायची होती. फलाटावर यशोदेनं दशम्या सोडल्या. मंजुळा माझ्याकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, "अक्का, राजा मेला तवा त्या कशा रडल्या, पाह्यलं? आधी भुईवर हात टेकला, मंग गळ्यावर नेला. समद्या बाया रडल्या. ती पुढची म्हातारी त हुंदके देत व्हती."

"तू नही रडली?" यशोदेनं विचारलं.

"मी पाहत व्हती वं. मले एवढं चांगलं रडता येत नही."

त्यावर यशोदा चिडली. "काय बाई तरी! नवरा दाराआड लपून बसला आन् तू त्याच्या रडन्याचं कौतुक करते?"

"मंग काय करू, अक्का? त्या बाईले मी घरी चाल कसं म्हनू? ती त राणी हाये."

जळगाव येईपर्यंत तिनं दशमी तशीच पदरात धरून ठेवली. उतरताना म्हणाली, "सासऱ्याईले सांगा, काय करायचं ते करा. मी आडवी येनार नही."

मी आडवा येईन असं मनात ठरवलं होतं. आबांसमोर गेलो, बोललो, आवाज चढवला. आबा म्हणाले, "त्याले आन. इथं, ओट्यावर. आनतो?" मी काय सांगणार होतो, की बाईसाहेब दमल्यात?

'ॲक्ट इन गुड फेथ' असा एक प्रयोग कायद्याच्या पुस्तकांत फार येतो. अर्थ, नेकीनं केलेलं कृत्य. म्हणजे माणसानं वाटोळं केलं, पण मन साफ होतं. या प्रयोगाला इंग्रजी राज्यात फार मागणी आहे. आपल्याकडेही आहे. आबा, भटजी, रावेरचे सोयरे, सगळ्यांची मनं साफ आहेत. तुझंही असेल. रंगासोबत तेही तू रोज साफ करतच असशील.

अजून तीन आठवडे आहेत. मी वाट पाहतो असं लिहिणार होतो. पण वाट पाहणं हे काम घरात दुसऱ्याकडे आहे.

अभिमन


जळगाव, ता. २९ सप्टेंबर १९३५

कै. चुडामण यास,

मायना बघून दचकू नकोस. चिरंजीव लिहायचा हक्क आता मला राहिला नाही. एकादशीला तू वारलास.

पानं चांगली मिळाली. सातपुड्याच्या पायथ्याहून तेरसिंग नावाच्या भिलानं पळसाच्या पानांचा भारा आणला. त्याला वाटलं, पंगतीला पत्रावळी लावायच्या आहेत. म्हणाला, "लगीन शे का?" त्याला पैसे देऊन वाटेला लावलं. मग नदीकाठी काळ्या हरणाच्या कातड्यावर पानं मांडली. एवढी हातांना, एवढी पायांना, एवढी छातीला, सगळं पोथीत ठरलेलं. डोक्याला नारळ. आबांनी वर तुझं जुनं धोतर पांघरलं. अंगरखाही होता, तो बसेना. पानांचा तू फार सडपातळ निघालास.

अग्नी देताना मी तिथं उभा होतो. हो, उभा होतो. पळून गेलो नाही, आरडाओरडा केला नाही. रावेरचे सोयरे आले होते. मुलीचा बाप माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, तुमचा भाऊ फार हुशार व्हता म्हनतात." मी म्हणालो, "फार."

सुतक तीन दिवसांचं. मेलेला जुना असल्यामुळं सूट मिळते, असं भटजी म्हणाले.

आता घरातलं. मी बाहेरच्या खोलीत पुरुषांमध्ये बसलो होतो. मधला दरवाजा उघडा होता. यशोदेनं नंतर सांगितलं ते आणि मी ऐकलं ते जोडून लिहितो.

कुंकू पुसायला शेवंताबाईला बोलावलं होतं. आपल्या चुलतआजीची सून, स्वतः विधवा, डोळ्यांना दिसणं जवळजवळ बंद. बायका मंजुळेला न्हाणीपाशी घेऊन गेल्या, तर तिचं कपाळ कोरडं. पहाटे उठून तिनंच पुसून टाकलं होतं. बांगड्याही काढून कोनाड्यात ठेवल्या होत्या, अख्ख्या. कोणाचा हात लागू नये म्हणून. पण शेवंताबाईला कोणी हे सांगितलं नाही. तिनं राख घेतली, ओला फडका घेतला आणि चाचपून कपाळ पुसायला लागली. मंजुळेच्या भुवयांमध्ये गोंदणाचा हिरवा ठिपका आहे. लहानपणी गोंदलेला. शेवंताबाईला तो कुंकवाचा डाग वाटला.

पुसते, पाहते, डाग आहेच. पुन्हा राख घेते. "जात नही वं बाई," म्हणते, "लई जीव व्हता वाटते नवऱ्यावर." आणि जोर लावून घासते.

यशोदा म्हणाली, "ते गोंदन हाये, जिजी!" पण तेव्हा बाकीच्या बायांनी गळा काढला होता, कोण ऐकणार? मंजुळा स्वतः एका शब्दानं सांगू शकत होती. तिनं सांगितलं नाही. मान वर करून बसून राहिली. कातडं निघालं, रक्त आलं. ओल्या फडक्यावर ते लाल दिसलं तेव्हा शेवंताबाई म्हणाली, "निंघालं. निंघालं आता," आणि थांबली.

मग कोणीतरी म्हणालं, "अव बाई, हे रडत नही. रड वं, रड. छातीत बसीन."

आणि ती रडली, चुडामण. मी बाहेरून ऐकलं. आवाज खालून वर चढत गेला, मध्ये एकदम तुटला, थांबला, पुन्हा खालून सुरू झाला. धुळ्याला मी तो पैसे देऊन ऐकला होता. यशोदा म्हणाली, तिनं आधी भुईवर हात टेकला, मग गळ्यावर नेला. बायका थक्क झाल्या. रावेरच्या सोयरीणबाई म्हणाल्या, "अशी रडनारी नशिबानं भेटते बाप्पा."

या पत्रातही एखाद्या वाक्प्रचाराचा अर्थ लिहायचा होता, जमला नाही. पुसण्याच्या प्रकरणाची पानं परवा प्रकाशकाला तशीच अर्धवट पाठवली.

अभिमन


जळगाव, ता. १९ फेब्रुवारी १९३६

चुडामण,

तुझं पत्र आलं. पहिलंच. अक्षर अजून तसंच आहे, ओळी खाली घसरतात.

मंडळी बंद पडली, सामान लिलावात गेलं, हे वर्तमानपत्रातही वाचलं होतं. लोकांना आता बोलपट पाहिजेत आणि बोलपटांत बायकांची कामं बायकाच करायला लागल्यात, हेही तू लिहितोस. तुला फार अन्याय झाल्यासारखा वाटतो. असेल. तुझा आवाज जाड झाला, केस गेले, मॅनेजरनं ओळख दाखवली नाही. "भाऊ, झालं गेलं पुसून टाकू. मी घरी येतो," असं तू लिहितोस.

'वाइप द स्लेट क्लीन.' मागचं विसरून नव्यानं सुरुवात करणं. पुस्तक छापून आलं, त्यात हा प्रयोग आहे, अर्थ मीच दिलाय, पोरं तो परीक्षेत लिहितील आणि पास होतील.

मी तुझ्यासाठी भटजींना विचारलं. हसू नकोस, सोय आहे. पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याला तुपाच्या हौदात बुडवून काढतात, म्हणजे तो जन्मतो. मग जातकर्म, बारसं. नंतर त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. पोथीत सगळं आहे. आपल्या लोकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय करून ठेवली आहे, खोळंबा फक्त घरच्यांकडून होतो.

आबांना विचारलं. ते म्हणाले, "वनाचं लगन होऊन पंधरा दिस झाले. मेलेला पोरगा हळदीच्या घरात परत आला त रावेरवाले पोरगी घेऊन जातीन." मग जरा थांबून, कधी नव्हे ते खालच्या आवाजात म्हणाले, "लई बारीक झाला का रे तो?" मी म्हणालो, माहीत नाही. ते उठून गोठ्यात गेले.

वनाच्या लग्नात हळद मंजुळेनंच दळली. मागच्या खोलीत, जात्यावर. लावायला तिला बाहेर येता आलं नाही. वना तिच्याकडे जाऊन उभा राहिला होता, "तू लाव," म्हणाला. तिनं त्याला ढकलून बाहेर काढलं. कपाळावर आता गोंदण नाही. पांढरट चट्टा आहे, गव्हाच्या दाण्याएवढा.

तुझं पत्र मी गावी पडवीत बसून मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं, शेवटी तू लिहिलेलं, "तिला सांग, मी चुकलो," तेही. भिंतीपलीकडे ती तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज थांबला. यशोदा तिच्याजवळ होती, तिनंच विचारलं, "काय लिहायचं सांग. तू म्हनशीन त आबाईची भीड धरनार नहीत हे. तिकडं जळगावले आनून ठेवतीन दोघाईले."

हे खरं होतं. मी यशोदेला तसं म्हणालो होतो.

मंजुळेनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहितो, एक अक्षर माझं नाही:

"या म्हना, अक्का. कोनाच्या घरी कोन येऊ नही असं मी काबरं म्हनू? उपाशी राहत असतीन त भाकर देईन. पन लगन नको आन् कुंकू नको. मी त्याईच्या नावानं समद्या गावासमोर रडून चुकली. आता खरंच मरतीन तवा मी काय करू? माझ्याजवळ काही राह्यलं नही वं."

यशोदेनं सुपात तांदळाची आणखी एक ओंजळ घातली. थोड्या वेळानं सूप पुन्हा वाजायला लागलं.

पाकिटात तिकिटापुरते पैसे घातले आहेत. जळगावचं काढ. स्टेशनावर मी येईन, पण कोण म्हणून तुला घरी न्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

अभिमन